लीफ फ्लश : पालवी, फूट की पर्णोद्गम?

कोरांटी : अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'लीफ फ्लश'पाशी, म्हणजे झाडाला एकदम नवी पानं येण्यापाशी, दोन दिवस अडलेय. मी सरळ 'पालवी' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'पर्णोद्गम' केलं. त्यांच्या मते पालवी म्हणजे वसंत, आणि विषुववृत्तापाशी वसंत कुठला? तिथे बरीच झाडं पाऊस ओसरल्यावर, कोरड्या महिन्यांत नवी पानं काढतात. पण 'कोरड्या ऋतूत पर्णोद्गम होतो' हे वाचून डोळ्यांपुढे पान येतच नाही. काय करू?

शब्दवेल्हाळ : पालवीच ठेवा. मूळ शब्द 'पल्लव', म्हणजे कोवळं पान, कोंब. त्यात वसंत कुठेही नाही, तो कवितेने चिकटवला. उद्गम नदीला शोभतो.

पाणकणीस : बागेत राबणारी माणसं 'नवी फूट' म्हणतात. 'झाडाने फूट घेतली.' इतका नेमका शब्द असताना संस्कृतकडे का धावायचं?

शब्दवेल्हाळ : फूट म्हटल्यावर कोवळी फांदीही आली. शिवाय मथळ्यात 'अ‍ॅमेझॉनमध्ये फूट' छापलं तर वाचक भांडण समजेल.

औदुंबर : माझा पालवीवरचा आक्षेप वेगळा आहे. पालवी म्हटली की आपण आधी उघडं झाड धरतो आणि मग पाणी मिळाल्यावर फुटलेलं पान. सदाहरित झाड उघडं होतच नाही, आणि जिथे मुळांना खोलवर ओल मिळते तिथे चणचण असते ती उन्हाची. ढग हटले की ऊन वाढतं आणि तेव्हाच नवी पानं येतात. 2006 मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून कोरड्या ऋतूत अ‍ॅमेझॉन अधिक हिरवं होतं असं मांडलं गेलं. 2014 मध्ये दुसऱ्या गटाने तो सूर्य आणि कॅमेरा यांच्यातल्या कोनाचा भास ठरवला. मग 2016 मध्ये जंगलातल्या मनोऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं की एकूण पानं फारशी वाढत नाहीत, जुनी गळून तरणी येतात. तरणं पान जास्त अन्न बनवतं. म्हणून मी 'पानपालट' सुचवतो. खांदेपालट, पीकपालट यांच्या चालीवर.

कोरांटी : पानपालट फार आवडला! पण त्यात गळणंही आलं. मला फक्त येणं हवंय.

पाणकणीस : आणि गळण्याचं तंत्र निराळं असू शकतं. पनामात बारो कोलोरॅडो बेटावर कोरड्या ऋतूत जंगलाला मुद्दाम पाणी दिलं, तरी बहुतेक जातींची पानगळ आपल्या वेळेलाच झाली.

औदुंबर : म्हणूनच शब्दात पाऊसही नको आणि वसंतही नको.

शब्दवेल्हाळ : पालवीत दोन्ही नाहीत, पुन्हा सांगतो. उलट तिच्यात कापड आहे! संस्कृतात पल्लव म्हणजे वस्त्राचा काठही. आपला पदराचा 'पालव' त्यातलाच, आणि पदर हलवून बोलावणं ते 'पालवणं'. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राउनियाची कोवळी पानं बघा. गुलाबी-तपकिरी, ठिपकेदार, ओल्या रुमालासारखी लुळी लोंबतात. काही दिवसांनी ताठ होऊन हिरवी होतात. त्यांना पर्णोद्गम म्हणवेल का तुम्हाला?

कोरांटी : माझ्या लेखातही अशीच तांबूस पानं आहेत, हरितद्रव्य उशिरा भरणारी. तिथे 'किसलय' चालेल?

पाणकणीस : किसलय बोलताना कधी कुणाच्या तोंडी ऐकलंय? 'कोवळी तांबूस पानं' लिहा.

शब्दवेल्हाळ : बोलण्यात नाही म्हणून लिहायचंही नाही? मग तुमचं 'वर्षावन' तरी कोण बोलतं?

औदुंबर : वर्षावनापेक्षा 'पर्जन्यवन' बरं. वर्षा म्हणजे पावसाळा, आणि तिथे तर…