मदत हवी आहे: जुना 400 वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कॉम्प्युटरच्या नव्या जुळणीत चालेल का?

म्हापसेकर: आय5-4570 सीपीयू, 8 जीबी रॅम, एक एसएसडी आणि जीटीएक्स 750 टीआय ग्राफिक्स कार्ड, अशी स्वस्तातली जुळणी करायची आहे. ऑफिसच्या भंगारातला 400 वॅटचा एसएमपीएस हाताशी आहे. बोर्डाचा प्लग 20 पिनचा, सीपीयूची 4 पिनची वायर आहे, साटाची (एसएसडीला वीज देणारी) नाही. लेबलवर +12 ला 13 अँपिअर, +5 ला 30. दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. लावू का?

फोंडेकर: कार्डासकट नको. 400चा आकडा सोडा, 12 व्होल्टचे अँपिअर बघा. 12 × 13 म्हणजे 156 वॅट. सीपीयूचे 84 आणि कार्डाचे 60 धरले की 144 तिथेच गेले, पंखे वेगळेच. त्या काळी बरेच बोर्ड सीपीयूला 5 व्होल्टवरून वीज देत, म्हणून 5 ला 30 अँपिअर ठेवलेत. आता जवळजवळ सगळा भार 12 वर असतो. अशा जुन्या एसएमपीएसमध्ये दोन्हींचं नियंत्रण सहसा एकत्र असतं: 12 वर ओढ आली की 12 खाली येतो, 5 वर चढतो.

म्हापसेकर: मग कार्ड नको, सीपीयूच्या आतल्या ग्राफिक्सवर चालवतो. तपासायचा कसा?

सोल्डरवाला: मागे लाल स्विच असेल तर तो 230 वरच हवा. 115 वर राहिला तर आतले कपॅसिटर फुटतात. गोव्याच्या दमट हवेत धूळ ओलावा धरते, म्हणून आधी ब्लोअर मारा आणि जाळीतून टॉर्चने बघा: कपॅसिटरचं डोकं फुगलंय किंवा चिकट ओघळ आहे, तर थेट भंगारात. झाकण उघडू नका; आत 300 व्होल्टच्या वर साठा असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो.

मग बोर्डाला न जोडता, भिंतीचा प्लग काढलेला असतानाच 20 पिनच्या प्लगमधली हिरवी वायर कुठल्याही काळीला जोडा. मोलेक्सच्या (जुन्या डिस्कच्या 4 पिनच्या प्लगच्या) पिवळ्या-काळ्यावर गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब लावा, मग वीज द्या. नुसता पंखा फिरला म्हणजे पास नव्हे. अर्धा तास ठेवून मल्टिमीटर लावा: पिवळी 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25. बाहेर गेला तर बाद. एका बल्बची ओढ पावणेदोन अँपिअरच, तेव्हा बोर्डाला जोडल्यावर भाराखाली पुन्हा मोजा.

फोंडेकर: 20 पिनचा प्लग 24 च्या सॉकेटमध्ये बसतो, कडेच्या चार पिना मोकळ्या राहतात, कार्ड नसताना बहुतेक बोर्ड चालतात. एसएसडीसाठी मोलेक्स ते साटा वायर घेताना प्लास्टिक ओतून बंद केलेलं टोक टाळा. आत तारा सरकून एकमेकींना चिकटतात आणि टोक जळतं. वायर दाबून बसवलेलं, मागून उघडता येणारं टोक मागा.