मानेतल्या संसर्गित गुठळीसाठी रक्त पातळ करणारे औषध सरसकट द्यावे का?

मेघना

लेमिएर सिंड्रोम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. सुरुवात साध्या घसादुखीने होते, चार-सहा दिवसांत घसा बरा वाटू लागतो आणि नेमका त्याच सुमारास हुडहुडी भरून ताप चढतो, मानेच्या एका बाजूला जबड्याखाली दुखरी सूज येते. फ्यूसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा ऑक्सिजनविना वाढणारा जीवाणू टॉन्सिलजवळच्या बारीक नीलांतून मानेतल्या मोठ्या नीलेपर्यंत पोहोचतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि तिचे संसर्गित तुकडे फुप्फुसांत जाऊन अडकतात. फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा २० रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांतले १८ दगावले होते, कारण तेव्हा पेनिसिलिन हाताशी नव्हते.

आमच्या वॉर्डात आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गाठी होत्या, काहींच्या मध्यभागी पोकळी झाली होती, प्लेटलेट ४२ हजारांवर उतरल्या होत्या आणि थुंकीत रक्ताचे धागे दिसत होते. रिपोर्टात ‘थ्रॉम्बोसिस’ हा शब्द वाचताच हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू करण्याचा आग्रह झाला, मी तो मान्य केला नाही. टॉन्सिलमागचा पू काढला, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक शिरेतून दिले, अकराव्या दिवशी ताप उतरला आणि एकूण सहा आठवड्यांच्या उपचारांनंतर मुलगा कॉलेजला जाऊ लागला. ही गुठळी जंतूंनी केलेली आहे, तेव्हा मुख्य उपचारही जंतूंवरच हवा, असे माझे ठाम मत आहे.

श्रीरंग

मुलगा वाचला याचा मनापासून आनंद आहे, परंतु एका रुग्णावरून नियम काढणे मला पटत नाही. पायातल्या मोठ्या नीलेत गुठळी सापडली तर आपण त्याच दिवशी रक्त पातळ करण्याचे औषध सुरू करतो, मग मेंदूच्या इतक्या जवळच्या गुठळीबाबत वाट का पाहायची? मी पाहिलेल्या एका मुलीत पहिल्या स्कॅनमध्ये जबड्याच्या कोनाशी असलेले गुठळीचे टोक अवघ्या दोन दिवसांत कवटीच्या तळाशी जाऊन पोहोचले होते, आणि तेही योग्य प्रतिजैविके चालू असताना. तिथून सिग्मॉइड सायनस, म्हणजे कवटीच्या आतली मेंदूचे रक्त वाहून नेणारी नीला, किती लांब आहे?

मेघना

तुमच्या त्या मुलीला मीही औषध दिले असते. गुठळी वर सरकत असेल, दोन्ही बाजूंना असेल किंवा रुग्णाला मुळातच रक्त गोठण्याचा विकार असेल तर माझा विरोध नाही, विरोध ‘सरसकट’ला आहे. पायातल्या गुठळीशी तुलनाही पुरती जुळत नाही, कारण तिथे फुप्फुसात पोकळ्या झालेल्या नसतात आणि खोकल्यातून रक्त येण्याची भीतीही नसते. शिवाय या आजारात मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक बहुधा चालू असते. त्याच्या जोडीला रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी दिली तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा आकडा, झपाट्याने चढतो.

श्रीरंग

वॉरफॅरिनचा मुद्दा मान्य, म्हणूनच मी एनॉक्सापॅरिन या हेपॅरिनच्याच गटातल्या औषधाची इंजेक्शने वापरतो, त्यांना मेट्रोनिडॅझोलचा अडथळा नाही. आजार दुर्मीळ असल्याने या प्रश्नावर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, झालेली चाचणीच उपलब्ध नाही, म्हणजे तुम्ही किंवा मी कोणीही पुरावा आपल्या बाजूने असल्याचे म्हणू शकत नाही.

वसुधा

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. तुम्ही दोघे सातव्या दिवसाबद्दल वाद घालत आहात आणि माझा जीव पहिल्या दिवसात अडकला आहे. असे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या खिशात बहुतेक वेळा मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीविना घेतलेली अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी असते, आणि हा जीवाणू अझिथ्रोमायसिन ज्या गटात मोडते त्या मॅक्रोलाइड औषधांना सहसा दाद देत नाही. घसा दुखणाऱ्या प्रत्येकाला मेट्रोनिडॅझोल द्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. डेन्मार्कमध्ये १९९८ ते २००१ या काळात केलेल्या पाहणीत हा आजार वर्षाला दर दहा लाख लोकांमागे ३.६ जणांना झाल्याचे आढळले, तेव्हा त्याच्यासाठी हजारो विषाणूजन्य घशांवर औषधांचा मारा करणे चुकीचेच आहे. मी एवढेच करते की पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाला ‘घसा बरा झाल्यावर थंडी वाजून ताप आला किंवा मानेची एकच बाजू दुखू लागली, तर त्याच दिवशी परत ये’ असे स्पष्ट सांगते आणि तो आला की प्रतिजैविक बदलण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी (रक्तात कोणते जंतू वाढतात ते पाहण्यासाठी) आणि मानेच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते.

श्रीरंग

वसुधाताई, पाठवताना एक विनंती. मानेच्या सोनोग्राफीत जबड्याच्या हाडामागचा आणि हसळीखालचा भाग नीट दिसत नाही, त्यामुळे ‘नॉर्मल’ रिपोर्टवर थांबू नये, शंका असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटीच करून घ्यावी.

मेघना

याला माझे पूर्ण अनुमोदन. आणि श्रीरंग, तुमच्या त्या मुलीचा अनुभव पाहता, रक्त पातळ करणारे औषध सुरू केलेच नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी स्कॅन पुन्हा करायचा, हे मी यापुढे पाळेन. सुरू केले तर मात्र बंद कधी करायचे, तेही पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहा. तीन महिन्यांनी नीला मोकळी झाली नाही एवढ्याच कारणाने विशीतल्या मुलाला वर्षभर ती इंजेक्शने टोचत राहणे मला मान्य नाही.