मदत हवी आहे: विवाल्डीच्या 'ला नोत्ते'मध्ये श्वास कुठे घ्यावा?

इटालियन संगीतकार विवाल्डीचा 'ला नोत्ते', म्हणजे 'रात्र', हा फ्लूट कॉन्चेर्टो (एकल फ्लूट आणि साथीच्या वाद्यांसाठीची रचना) बसवते आहे. जी मायनरमधला, ओपस १० या संग्रहातला दुसरा, १७२९च्या सुमारास ॲम्स्टरडॅमला छापलेला. माझं वाद्य धातूचा पाश्चात्त्य फ्लूट, बांबूची बासरी नव्हे. साथीला पाच तंतुवाद्यं आणि हार्प्सिकॉर्ड या जुन्या तारांच्या पेटीवाद्याऐवजी कीबोर्ड. पट्टी आजची ए ४४० हर्ट्झ. जुन्या, खालच्या ४१५वर उतरणं आम्हाला शक्य नाही.

भुतांचा प्रेस्टो, म्हणजे जलद भाग, बोटांत बसलाय. अडलंय ते 'इल सोन्नो'पाशी, झोपेच्या लार्गोत, म्हणजे संथ भागात. लांबच लांब धरलेले सूर, हालचाल जवळजवळ नाहीच. इतकी शांतता की माझ्या श्वासाचा आवाज आला तरी झोपमोड होते.

लय किंचित वाढवली तर दम पुरतो, पण झोपेचा भासच जातो. अगदी हळू फुंकलं तर सूर खाली उतरतो. दर दोन मात्राखंडांनी पेन्सिलीच्या खुणा करून पाहिल्या, तर विसंवादी सूर सुटायच्या, म्हणजे सुसंवादी सुरावर येऊन ठेपायच्या, आधीच तुटतो आणि ते कानाला फार खटकतं.

तेव्हा जाणकारांनी सांगा: विसंवाद सुटल्यावरच श्वास घ्यायचा, की बांधलेला सूर मध्ये तोडून पुन्हा धरला तरी चालतो?

अजून एक, सुरुवातीच्या लार्गोतल्या ट्रिलबद्दल, म्हणजे दोन लगतचे सूर झपाट्याने आलटूनपालटून वाजवण्याबद्दल. फ्लूटवादक क्वान्ट्झ १७५२च्या ग्रंथात ट्रिल सहसा वरच्या सुरावरून सुरू करायला सांगतो. पण तो जर्मन, आणि वीसेक वर्षांनंतरचा. विवाल्डीला तोच नियम लावावा का?