दोन्ही खुब्यांत लूझर झोन, फॉस्फरस १.४: गाठ शोधायची कशी आणि तोवर करायचं काय?

खुबा_गुडघा

पुरुष, वय ४२, वजन ५० किलो, शेतीकाम. दोनेक वर्षं टाचा, खुबे आणि बरगड्या दुखतात. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, चालताना डुलतो. घरात कुणाला असलं काही नाही. लहानपणी पाय सरळ होते, उंची बेताची पण भावंडांएवढीच. एचएलए बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणून आधी स्पॉन्डिलायटिसची (मणक्याच्या सांध्यांच्या सुजेची) औषधं झाली. मग डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोर उणे ३.६ आला म्हणून ऑस्टिओपोरोसिस ठरवून झोलेड्रोनेट (हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन) दिलं गेलं. डी जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे डोस तर कितीतरी झालेत.

कॅल्शियम ९.१, क्रिएटिनिन ०.७, अल्कलाइन फॉस्फटेज ४१०, डी ३८, पीटीएच (पॅराथायरॉइड संप्रेरक) ७८. एक्स-रेत दोन्ही फिमर नेकच्या (मांडीच्या हाडाच्या मानेच्या) आतल्या बाजूला लूझर झोन (मऊ हाडातल्या अर्धवट फ्रॅक्चरसारख्या रेघा), डावीकडची रेघ जाडीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत. बोन स्कॅनवर जागोजागी डाग, आणि रिपोर्टात नेहमीचं वाक्य की मेटास्टेसिस (हाडांत पसरलेला कर्करोग) नाकारता येत नाही. फॉस्फरस आजवर कुणी केलाच नव्हता. केला तर १.४, म्हणजे खूपच कमी.

ट्यूमरमुळे होणारं ऑस्टिओमलेशिया (कुठल्याशा छोट्या गाठीमुळे किडनीतून फॉस्फरस गळून हाडं मऊ पडणं) धरून चालू का? आणि नेकमध्ये आत्ताच स्क्रू घालावेत का?

ग्रंथीशास्त्री

संशय बरोबर आहे, पण गाठीच्या मागे लागण्याआधी लघवी तपासा. फॉस्फरस किडनीतून गळतोय हे कागदावर सिद्ध झाल्याशिवाय महागडा स्कॅन करू नये. पोटात शोषलंच जात नसेल, किंवा रुग्ण वर्षानुवर्षं अॅल्युमिनियमवाली अँटासिड पीत असेल, तर रक्तातला फॉस्फरस असाच कमी दिसतो. फरक एवढाच की तेव्हा किडनी तो धरून ठेवते.

रात्रभर उपाशी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसरी भांड्यात घ्यायची आणि त्याच वेळी रक्त. दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन. चारही आकडे मिग्रॅ/डीएलमध्येच हवेत, लॅब कधीकधी लघवीचा रिपोर्ट वेगळ्या एककात देते आणि सगळं गणित फसतं. फॉस्फेटचं औषध अजून सुरू केलं नसेल तर उत्तम, त्याच रक्तातून एफजीएफ-२३ साठीही (या गाठी सोडतात ते, किडनीला फॉस्फरस टाकायला लावणारं संप्रेरक) नमुना काढून ठेवा. कॅल्सिट्रायॉल (डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) सुरू झालं की एफजीएफ-२३ स्वतःच वाढतो, मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. नमुना कुठल्या ट्यूबमध्ये आणि किती थंड पाठवायचा, हे लॅबला आधी विचारून घ्या.

औषधांची चौकशी नीट करा. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिर चालू आहे का? रक्त कमी म्हणून शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज दिलं होतं का? या इंजेक्शनने एफजीएफ-२३ वाढतो आणि फॉस्फरस आठवड्यानुआठवडे खाली राहू शकतो. हे कुणी विचारत नाही, कारण ‘लोहाचं सलाईन’ औषधांच्या यादीत येतच नाही. शिवाय लघवीत साखर आणि प्रथिनं, रक्तात बायकार्बोनेट, युरिक अॅसिड. रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर आली तर फॅन्कोनी (किडनीच्या नलिकांचा बिघाड) समजा, आणि या वयात मायलोमाही (अस्थिमज्जेतला कर्करोग) पाहून घ्या.

खुबा_गुडघा

यातलं एकही औषध किंवा इंजेक्शन नाही. लघवीत साखर, प्रथिनं नाहीत, बायकार्बोनेट २४. उपाशीपोटी: रक्तात फॉस्फरस १.४, क्रिएटिनिन ०.७; लघवीत फॉस्फरस ४०, क्रिएटिनिन ६०. एफजीएफ-२३ चा नमुना गेला आहे.

ग्रंथीशास्त्री

लघवीचा फॉस्फरस गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन: ४० × ०.७ = २८. रक्ताचा फॉस्फरस गुणिले लघवीचं क्रिएटिनिन: १.४ × ६० = ८४. भागाकार ०.३३. तो एकातून वजा केला की टीआरपी (किडनी फॉस्फरसचा किती वाटा परत ओढते ते) ०.६७. टीआरपी ०.८६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याला थेट रक्तातल्या फॉस्फरसने गुणायचं: ०.६७ × १.४ = ०.९४. हा झाला टीएमपी/जीएफआर, म्हणजे किडनीची फॉस्फरस धरून ठेवायची क्षमता. मोठ्या माणसात तो साधारण २.५ च्या वर असायला हवा. (०.८६ च्या वर गेलं तर वेगळं सूत्र लागतं, इथे गरज नाही.) रक्तात १.४ असताना निरोगी किडनीने जवळजवळ सगळा फॉस्फरस परत ओढला असता, इथे एक तृतीयांश वाहून जातोय. गळती पक्की.

एफजीएफ-२३ वाचताना सांभाळा. फॉस्फरस इतका खाली असताना तो दबलेला असायला हवा. रिपोर्टात ‘नॉर्मल रेंज’मध्ये छापून आला तरी तो इथे जास्तच समजायचा. १,२५-डी (रक्तातलं सक्रिय डी) कमी किंवा फॉस्फरसच्या मानाने अपुरं आलं तर चित्र पूर्ण होतं. ३८ आलेलं साधं डी इथे काहीच सांगत नाही, आणि ६०,००० च्या डोसांनी हे दुखणं का हटलं नाही त्याचं उत्तरही हेच.

झोलेड्रोनेट पुन्हा नको. हाडात खनिज भरतच नाहीये, अशा वेळी हाडाची उलाढाल थांबवून नुकसानच होतं.

गॅमाकिरण

स्कॅनच्या आधी बोटांनी शोधा, फुकट आहे. हिरड्या, टाळू, नाक, जांघ, गुडघ्यामागची खळगी, तळवे, पायाच्या बोटांच्या बेचक्या. ‘वर्षानुवर्षांची चरबीची गाठ’ म्हणून सोडून दिलेला वाटाण्याएवढा गोळाच कधीकधी अपराधी निघतो.

मग गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट-सीटी, कारण या गाठींवर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर भरपूर असतात आणि या स्कॅनचं औषध त्यांनाच चिकटतं. एफडीजीवर (साखर वापरून होणाऱ्या नेहमीच्या पेटवर) इतका भरवसा ठेवू नका. फॉर्मवर ठळक लिहा: डोक्याच्या माथ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन्ही हातांसकट. नेहमीचा पेट कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात आणि या गाठी पायांत भरपूर सापडतात. ‘पेट निगेटिव्ह’ म्हणून आलेल्या फाइलमध्ये पहिल्यांदा हेच बघावं की पाय स्कॅन झाले होते का.

लूझर झोन आणि बरगड्यांचे फ्रॅक्चरही स्कॅनचं औषध थोडं शोषतात, त्यामुळे फिकट डाग बरेच दिसतील. गाठ बहुधा एकच आणि ठळक असते. तिथे एमआरआय किंवा सीटी करून हद्द ठरवा. दोन जागा सारख्याच संशयाच्या असतील तर शिरांमधून एफजीएफ-२३ चे नमुने घेता येतात. काहीच दिसलं नाही तर उपचार चालू ठेवून काही महिन्यांनी परत स्कॅन.

खलबत्ता

गाठ सापडेपर्यंत फॉस्फेट लागणार. तयार पुड्या मिळाल्या तर वेष्टनावर मूळ फॉस्फरस किती आहे तेच वाचा, क्षाराचं वजन नव्हे. नाहीतर जूली सोल्यूशन: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १३६ ग्रॅम आणि ८५ टक्के फॉस्फोरिक अॅसिड ५८.८ ग्रॅम, शुद्ध पाण्यात एकूण १ लिटर. मिलीला साधारण ३० मिग्रॅ फॉस्फरस.

घोटाळा होतो तो क्षारात. १३६ ग्रॅम हे सात रेणू पाणी असलेल्या क्षाराचं वजन आहे. दुकानात निर्जल क्षार असेल तर ७२ ग्रॅमच घ्यायचा. निर्जलचे १३६ ग्रॅम टाकले तर मिलीला ४५ मिग्रॅ होतात आणि रुग्ण जुलाबाने बेजार होऊन औषधच सोडतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

५० किलोला किलोमागे १५ मिग्रॅने सुरुवात म्हणजे दिवसाला ७५० मिग्रॅ: ५ मिली, दिवसातून पाच वेळा, पाण्यात पातळ करून. पोटाला झेपलं तर दोन आठवड्यांत दुप्पट. एका डोसचा परिणाम काही तासांतच ओसरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ भरपूर पाजून उपयोग नाही. कॅल्शियमची गोळी दोन तास लांब, नाहीतर दोन्ही आतड्यातच अडकून बसतात. रोज ५० मिली गेलं तर सोडियम सुमारे १.२ ग्रॅम जातं, रक्तदाब असेल तर लक्षात ठेवा.

ग्रंथीशास्त्री

सोबत कॅल्सिट्रायॉल ०.५ ते १ मायक्रोग्रॅम रोज, विभागून. नुसतं फॉस्फेट देत राहिलात तर पीटीएच चढत जातो आणि गळती आणखी वाढते. फॉस्फरस नॉर्मलच्या खालच्या कडेला आला तरी पुरे, ४ च्या मागे लागू नका, किडनीत कॅल्शियम साचेल. दर तीन महिन्यांनी कॅल्शियम, क्रिएटिनिन, पीटीएच आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी. एफजीएफ-२३ ला अडवणारं ब्युरोसुमॅब अमेरिकेत या आजारासाठी २०२० मध्ये मंजूर झालं, पण ते न सापडणाऱ्या किंवा न काढता येणाऱ्या गाठीसाठी. शिवाय किंमत आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची.

हाडमांस

स्क्रूबद्दल. रेघ आतल्या, म्हणजे दाबाच्या बाजूला, अर्ध्याहून कमी आणि न सरकलेली. थांबा. दोन्ही बाजू असल्यामुळे कुबड्यांनी भार वाचत नाही. वॉकर, लांबच्या अंतराला व्हीलचेअर, उकिडवं बसणं आणि जिने बंद. दर चार आठवड्यांनी एक्स-रे. रेघ बाहेरच्या बाजूला उमटली, अर्ध्यापलीकडे गेली किंवा तुकडा हलला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी फिक्स करा. मऊ हाडात स्क्रूची पकड कच्ची असते आणि फॉस्फरस सुधारल्याशिवाय ती जागा भरत नाही, म्हणून तेव्हाही औषध चालूच.

गाठ सापडली की भोवतीच्या निरोगी भागासकट पूर्ण काढायची. हाडातली गाठ नुसती खरवडली तर परत येण्याचा धोका जास्त. ऑपरेशननंतर तोंडावाटे फॉस्फेट बंद करून रोज फॉस्फरस बघा, साधारण ५ ते १० दिवसांत आपोआप नॉर्मलला येतो. नाही आला तर काहीतरी मागे राहिलंय. याच काळात भुकेलं हाड कॅल्शियम ओढतं, तेही तपासा.

आणि नमुना पॅथॉलॉजीला पाठवताना फॉर्मवर ‘फॉस्फरस कमी, ऑस्टिओमलेशिया’ असं स्पष्ट लिहा. एवढी माहिती नसेल तर रिपोर्ट हिमँजिओपेरिसायटोमा किंवा जायंट सेल ट्यूमर म्हणून येऊ शकतो.