टोकियो १९९०: डग्लसने टायसनला हरवले ते नेमके कशाने?

ऐरोलीकर

माझा भाचा कळव्याला राहतो. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि गेली चार वर्षे सर्वांत वरच्या वजनगटात मुष्टियुद्ध खेळतो आहे. पुढच्या महिन्यातल्या जिल्हा स्पर्धेत त्याची गाठ सलग दोन वर्षे जिंकलेल्या खेळाडूशी पडण्याची दाट शक्यता आहे, आणि हे कळल्यापासून त्याच्याबरोबर सराव करणारी मुलेसुद्धा "एखादा ठोसा बसला तर बसला" एवढेच म्हणतात. ते वाक्य त्याच्या मनात घर करू लागले आहे, असे बहीण सांगते.

गेल्या रविवारी तो ऐरोलीला आमच्याकडे आला होता. तेव्हा आम्ही दोघांनी ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो डोममध्ये झालेली माइक टायसन आणि जेम्स 'बस्टर' डग्लस यांची लढत पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत पाहिली. इतकी वर्षे मला त्या लढतीचा फक्त शेवट माहीत होता: दहावी फेरी, आणि रिंगमध्ये रांगत, तोंडातून पडलेले गमशील्ड (दातांचे रबरी कवच) चाचपडणारा टायसन. एकीकडे ३७ लढतींत एकदाही न हरलेला जगज्जेता टायसन आणि दुसरीकडे सट्ट्यात ४२ ला १ असा भाव लागलेला डग्लस, तेव्हा हा नशिबाचा ठोसाच असणार, असे मी धरून चाललो होतो. सबंध लढत पाहिल्यावर मात्र मला तसे म्हणवत नाही, कारण आठव्या फेरीचा शेवट सोडला तर बहुतेक वेळ डग्लसच वरचढ दिसतो.

डग्लसने नेमके काय केले, ते रिंगमध्ये कधी न उतरलेल्या माणसाला समजेल असे कोणी सांगेल का? आणि त्यातले शिकण्याजोगे किती, त्या एका रात्रीपुरते किती?

पारसिकनगर

मी कॉलेजात आणि नंतर नोकरीत असताना मिळून नऊ वर्षे खेळलो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मनापासून आणि जरा सविस्तर देतो.

सुरुवात जॅबपासून करावी लागेल. पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब. डग्लसच्या हातांचा पल्ला ८३ इंच होता आणि टायसनचा ७१, म्हणजे तब्बल बारा इंचांचा फरक. पण पल्ला टायसनच्या आधीच्या अनेक प्रतिस्पर्ध्यांकडेही होता आणि त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, कारण ते जॅब मारत ते टायसनला लांब ठेवण्यासाठी, घाबरून, आणि लगेच सरळ मागे सरकत. सरळ मागे सरकणारा माणूस टायसनला हवाच असे, कारण त्याची पुढे झेपावण्याची गती कोणाच्याही मागे सरकण्यापेक्षा जास्त होती. डग्लसने जॅब मारला तो ठोसा म्हणून, पूर्ण खांदा घालून, आणि त्याच्या मागोमाग उजवा सरळ ठोसा जवळजवळ प्रत्येक वेळी पाठवला. परिणामी टायसन एक जॅब चुकवून आत शिरायला निघाला की त्याच वाटेवर त्याला दुसरा ठोसा भेटे आणि चढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागे.

दुसरी गोष्ट पायांची. दोन-तीन ठोसे मारून झाले की डग्लस त्याच जागी उभा राहत नव्हता. तो एक पाऊल बाजूला जाई, किंवा टायसन फारच जवळ आला तर त्याचे हात कवेत घेऊन पंच सोडवेपर्यंत थांबे. जोडीने ठोसे मारणे टायसनचे बलस्थान होते. ते थांबवण्याचा मार्ग म्हणजे पहिला ठोसा बसला तरी दुसऱ्याच्या वेळी आपण तिथे नसणे.

तिसरी गोष्ट अपरकटची. टायसन खाली वाकून आत येई आणि अशा माणसासाठी खालून वर जाणारा ठोसा हाच योग्य असतो, पण तो मारताना आपली हनुवटी उघडी पडते, म्हणून बहुतेकांना तो धीर होत नसे. डग्लसने तो धीर केला. दहाव्या फेरीत टायसनचे डोके वर उचलले गेले ते उजव्या अपरकटने, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या ठोशांनी तो व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. शेवटचा तुकडा तेवढा पाहिला की हा एकच ठोसा डोळ्यांसमोर राहतो, पण नऊ फेऱ्यांच्या जॅबने टायसनचा डावा डोळा बंद होत आला नसता, तर तो अपरकट त्याने पाहिला असता.

आठव्या फेरीत डग्लस स्वतः खाली पडला, हे भाच्याला पुन्हा दाखवा. तो नऊ म्हणता उठला (पंचांच्या मोजणीवरून पुढे मोठा वाद झाला, तो मी इथे काढत नाही) आणि नवव्या फेरीत जीव वाचवत फिरण्याऐवजी परत तोच जॅब आणि तोच उजवा घेऊन टायसनवर चालून गेला. लढतीच्या सुमारे तीन आठवडे आधी त्याची आई वारली होती. मनाचा तो भाग मला मोजता येत नाही, पण खाली पडून उठल्यावर आधीचीच योजना चालू ठेवता येणे हा तयारीचा भाग आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक. डग्लस हा कोणी उपटसुंभ नव्हता. १९८९ या एका वर्षात त्याने ट्रेव्हर बर्बिक आणि ऑलिव्हर मॅकॉल यांना हरवले होते, आणि त्यांतला बर्बिक माजी जगज्जेता होता. त्याला कमी लेखले गेले ते १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध दहाव्या फेरीत तो कोसळला म्हणून, आणि मनावर घेत नाही असा त्याचा लौकिक होता म्हणून. हे दोन्ही दोष दूर होण्यासारखे होते, आणि टोकियोत ते दूर झालेले होते.

वाशीची वाचक

वरचे विवेचन मला पटले, पण त्यात विजेत्याची बाजू राहून गेली आहे आणि ती वगळली तर मुलाला अर्धेच चित्र मिळेल.

टोकियोतला टायसन हा १९८८ मधला टायसन नव्हता. त्याला घडवणारे गुरू कस डी'अमॅटो १९८५ मध्येच वारले होते, आणि त्यांच्या पद्धतीत वाढलेले प्रशिक्षक केविन रूनी यांना टायसनने १९८८ मध्ये दूर केले. गालांशी हात आणि सतत हलणारे डोके ही त्या पद्धतीची खूण, आणि टोकियोत नेमके तेच डोके हलायचे थांबले होते. तो सरळ रेषेत चालत येत होता, म्हणून डग्लसचा जॅब इतक्या वेळा लागला. त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांकडे सूज दाबण्याची थंड लोखंडी पट्टीसुद्धा नव्हती. बर्फाचे पाणी भरलेला रबरी हातमोजा ते त्याच्या डोळ्यावर धरत होते. ज्या विजेत्याला आपण हरू शकतो असे वाटतच नाही, त्याची तयारी अशी ढिली पडते.

दुसरे उदाहरण तेव्हाचा जगज्जेता लेनॉक्स लुईस आणि हसीम रहमान यांचे आहे. २२ एप्रिल २००१ रोजी जोहान्सबर्गजवळ, समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर ती लढत झाली. रहमान तिथल्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून लवकर जाऊन राहिला होता. लुईस उशिरा पोहोचला आणि पाचव्या फेरीत एका उजव्या ठोशाने संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र तो तयारीनिशी आला आणि चौथ्या फेरीतच त्याने रहमानला बाद केले.

हा नियम डग्लसलाही लागू झाला. टोकियोत त्याचे वजन दोनशे साडेएकतीस पौंड होते. आठ महिन्यांनी इव्हॅंडर होलिफिल्डसमोर तो २४६ पौंडांचा होऊन उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीत पडला. तेव्हा भाच्याला विचारायचा प्रश्न असा, की समोरच्या विजेत्याने दोन वर्षांत सरावातले काय सोडून दिले आहे?

ऐरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण मी आधी सांगायला हवी होती. भाच्याची उंची सहा फूट आहे आणि तो विजेता त्याच्याहून तीन-साडेतीन इंचांनी उंच आहे, हातही लांब आहेत. म्हणजे आमच्या बाबतीत डग्लसचा पल्ला समोरच्याकडे आहे. मग वरच्यातले आमच्या हाती काय उरते?

नेरूळ पश्चिम

उरते ते बरेच आहे, पण उदाहरण बदलावे लागेल.

१ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी रुईझ ज्युनियरने उंच जगज्जेत्या अँथनी जोशुआला सातव्या फेरीत हरवले, ती लढत त्याला दाखवा. रुईझ ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या जागी आयत्या वेळी आला होता, त्याचे वजन २६८ पौंड होते आणि पोट सुटलेले दिसत होते, त्यामुळे लोकांनी त्याच्या हातांकडे पाहिलेच नाही. त्याचे हात आखूड होते, पण त्या वजनात तसा वेग क्वचित दिसतो. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडले आणि काम संपवायला तो अगदी जवळ गेला. आठ इंचांचा पल्ला जोशुआने तिथे आपल्या हाताने सोडून दिला. त्या घाईच्या देवाणघेवाणीत रुईझचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) त्याच्या कानशिलावर बसला आणि त्यानंतर जोशुआचे पाय पुन्हा पूर्वीसारखे झालेच नाहीत.

डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात झालेल्या परतीच्या लढतीत जोशुआ बारा फेऱ्या लांबूनच खेळला आणि गुणांवर सहज जिंकला. या दोन लढती एकत्र पाहिल्या की ठेंगण्या खेळाडूचे गणित कळते: उंच माणसाने जवळ यावे किंवा आपण त्याच्या जॅबच्या आतून जवळ जावे, आणि तिथे पोहोचल्यावर एका ठोशावर न थांबता तीन-चार ठोसे सलग मारावेत.

आत जाण्याची वाट शोधायची कशी, यासाठी मात्र मला १९३६ मधली मॅक्स श्मेलिंग आणि जो लुईस यांची लढत सर्वांत मोलाची वाटते. लुईस तेव्हा अपराजित होता. जगज्जेतेपद त्याच्याकडे नव्हते, पण नाव विजेत्याहून मोठे होते. श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिती बारकाईने पाहिल्या आणि त्याला दिसले की जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात गालाशी परत न येता खाली येतो. त्या क्षणी डाव्या बाजूचा जबडा उघडा असतो. श्मेलिंगने त्या एका फटीत उजवा ठोसा घालायची तयारी केली, चौथ्या फेरीत त्यानेच लुईसला पाडले आणि बाराव्या फेरीत बाद केले. चौथी ते बारावी, इतका वेळ तोच ठोसा त्याच फटीतून जात राहिला, यावर भाच्याने विचार करावा. दोन वर्षांनी लुईसने श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले, हेही खरे आहे. फट कळली की समोरचा ती बुजवतो, म्हणून सापडलेली फट स्पर्धेआधी कोणाजवळ बोलू नये.

पारसिकनगर

श्मेलिंगचे उदाहरण अगदी योग्य आहे, फक्त एक दुरुस्ती करावी लागेल. मोठ्या व्यावसायिक लढतीत बारा फेऱ्या असतात (पूर्वी पंधराही असत), आपल्याकडच्या हौशी स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीनच. झिजवून शेवटी पाडण्याइतका वेळ तिथे नसतो. पहिली फेरी हातची गेली तर दुसऱ्या फेरीत विजेता सावधपणे लांबून खेळू लागतो आणि ठेंगण्याची वाट बंद होते. त्यामुळे सापडलेली गोष्ट पहिल्या मिनिटातच वापरावी लागते.

गुणांबाबतही एक सांगतो. टोकियोत लढत थांबली तेव्हा तीन पंचांपैकी एकाच्या कागदावर टायसन एका गुणाने पुढे होता आणि दुसऱ्याच्या कागदावर दोघे बरोबरीत होते. मोठ्या नावाचे वजन पंचांच्या डोळ्यांवरही पडते. म्हणून भाच्याचे ठोसे निसटते असून चालणार नाही. ते डोके मागे झटकलेले दिसेल असे, स्वच्छ, हातमोज्याच्या समोरच्या, मुठीच्या सांध्यांवरच्या भागाने बसलेले हवेत, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात हात त्याचे चाललेले हवेत.

त्या विजेत्याच्या जुन्या लढतींचे चित्रण कोणाच्या मोबाइलमध्ये मिळाले तर पाहताना ठोशांकडे बघू नका. ठोसा मारून झाल्यावर हात कुठल्या वाटेने परत येतो, तेवढेच बघा.

ऐरोलीकर

चित्रण मिळाले. गेल्या वर्षीच्या दोन लढती आहेत. शनिवारी रात्री भाचा, त्याचे सर आणि मी, आम्ही तिघांनी त्या चार वेळा पाहिल्या. त्याचा जॅब नीट गालाशी परत येतो, तिथे काही मिळाले नाही. नंतर सरांनी चित्रण थांबवून काहीतरी दाखवले, आणि मग तेच आम्हाला दोन्ही लढतींत मिळून अकरा वेळा मोजता आले. ते काय आहे, हे नेरूळच्या मित्रांचा सल्ला मानून मी इथे लिहीत नाही.

सोमवारपासून सर पहाटे अर्धा तास फक्त त्यावर घेत आहेत. भाच्याने काल मला फोनवर एकच विचारले, की डग्लस आठव्या फेरीत पडला ती फेरी किती सेकंद उरली असताना पडला, ते मोजून सांगाल का मामा. मी आज रात्री पुन्हा पाहून त्याला कळवणार आहे.