केप टाउन ते त्सित्सिकामा: स्वतः गाडी चालवत गेलेल्यांनी लिहा

मंडळी, सप्टेंबरअखेर आम्ही दोघं आणि सासू-सासरे दक्षिण आफ्रिकेला निघालोय. केप टाउनला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि द्राक्षमळे, किनारा, अभयारण्यं करत पूर्वेला त्सित्सिकामाच्या जंगलापर्यंत जायचं. एन२ महामार्गाने सरळ पोहोचता येतं, पण सरळ जायचंच नाहीये. कुठे थांबावं, कुठला रस्ता धरावा, सगळं सविस्तर लिहा.

•

सप्टेंबर उत्तम! द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. मळे तेव्हा भरलेले, पण देवमासे नसतात. सदर्न राइट जातीचे देवमासे साधारण जून ते नोव्हेंबर या किनाऱ्याला येतात, पिल्लांना जन्म देतात. मला विचाराल तर दोन्हींत देवमासेच निवडा. हर्मानसला ते कड्यावरच्या पायवाटेवरून दिसतात, बोटीत बसावं लागत नाही. माझ्या आईला बोट लागते. तिने बाकावर बसून मादी आणि पिल्लू मनसोक्त पाहिलं, उठायलाच तयार नव्हती. सासू-सासऱ्यांसाठी इथे मुक्काम ठेवाच.

•

वाइन आधी, लांबचा रस्ता नंतर. स्टेलेनबॉश किंवा फ्रान्शहुकला राहा आणि त्या दिवशी गाडीची किल्ली खोलीतच ठेवा. चालकाच्या रक्तात १०० मिलीला ०.०५ ग्रॅम अल्कोहोल ही तिथली मर्यादा आहे, आणि मळ्यामळ्यावर थोडं थोडं चाखताना हिशोब राहत नाही. फ्रान्शहुकला वाइन ट्राम आहे, एका मळ्यावर उतरायचं, पुढच्या फेरीने दुसऱ्यावर जायचं. पिनोटाज चाखाच. १९२५ साली अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सिन्सो यांच्या संकरातून स्टेलेनबॉशमध्येच काढलेली ही द्राक्षजात. नुसती प्यायला मला जरा धुरकट लागली, जेवणासोबत फार आवडली.

•

आमच्याकडे कुणीच घेत नाही, तरी स्टेलेनबॉश वगळू नका. गाव १६७९ सालचं, ओकच्या सावलीतले रस्ते, मागे डोंगर.

•

वरच्यांना एक जोड. स्टेलेनबॉशहून हर्मानसला एन२ने घाट चढून जाऊ नका, गॉर्डन्स बेवरून आर४४ धरा. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला फॉल्स बे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे वळणांवरही हात लगेच बसतो. बेटीज बेला स्टोनी पॉइंटवर पेंग्विन अगदी जवळून दिसतात. थांब्यावर बबून माकडं दिसली तर काचा वर, दारं बंद, खाणं आत.

•

डी हूप अभयारण्याचं कुणी लिहिलं नाही! पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर बसून देवमासे पाहायचे, मागे वळलं की बॉन्टेबॉक हरणं आणि केप माउंटन झेब्रे. शेवटचा रस्ता खडीचा आहे. साधी गाडी जाते, पण सावकाश हाका, उजेडात पोहोचा आणि पेट्रोल ब्रेडास्डॉर्पला भरून घ्या.

•

त्सित्सिकामाला मुक्काम उद्यानाच्या आतच घ्या, लाटा खोल्यांसमोरच्या खडकांवर फुटतात. स्टॉर्म्स नदीच्या मुखावरचा ७७ मीटरचा झुलता पूल सुंदर आहे, मात्र वाटेत बऱ्याच पायऱ्या आहेत. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत ते कळवा. परतताना किनारा सोडून आतला आर६२ घ्या: औट्सहोर्न, बॅरीडेल, माँटेग्यू. तिकडेही द्राक्षमळे आहेत आणि रहदारी एन२पेक्षा बरीच कमी.