मदत हवी आहे: घोडी भरधाव किती दिवसांनी काढावी?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक मारवाडी घोडी आहे. दात पूर्ण झालेत, उंची ५९ इंच, वजन अंदाजे साडेतीनशे किलो. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. शर्यत, नाच, वराती यातलं काहीच करायचं नाही. मला फक्त रपेटीला जायचं असतं. आम्ही फलटणजवळ राहतो. पाटाच्या कडेने मुरमाचा कच्चा रस्ता आहे आणि पलीकडे मोकळं माळरान, त्यामुळे जागेची अडचण नाही.

अडचण सल्ल्यांची आहे. सासरे म्हणतात घोडं रोज सुटलं पाहिजे, नाहीतर त्याच्या अंगात मस्ती साठते. पुण्यात ज्यांच्याकडे मी बसायला शिकले ते सर म्हणतात आठवड्यातून एकदा पुरे. एका ओळखीच्यांनी सांगितलं की दर चौथ्या दिवशी काढायलाच हवी, नाहीतर दम तयार होत नाही. तिघेही जाणते आहेत, म्हणून कुणाचं ऐकावं ते कळत नाही.

दुडकी (ट्रॉट) आणि कँटर (भरधावपेक्षा हळू, झुलती धाव) याबद्दल प्रश्न नाही. मी विचारतेय ती चारही पाय मोकळे सोडून पळवण्याबद्दल. किती दिवसांनी, एका वेळी किती अंतर, आणि जास्त होतंय हे कशावरून ओळखायचं? माझं वजन ५८ किलो, खोगीर धरून ६८ च्या आसपास. घोडी आठवडाभर बहुतेक थानावर (बांधायच्या जागी) असते, सकाळी गडी थोडी फिरवून आणतो. मला वेळ मिळतो तो शनिवार-रविवारी.

सँडट्रॅक:

ताई, मी बरीच वर्षं रेसच्या तबेल्यात काम केलंय. पुण्याचा सीझन जुलै ते ऑक्टोबर, मग थंडीत मुंबईचं महालक्ष्मी. लोकांना वाटतं रेसचा घोडा रोज पळतो. तसं कधीच नसतं. ज्याचं पोटच पळण्यावर आहे असा घोडासुद्धा पूर्ण वेगाने आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा काढतात. तेही काही फर्लांग. एक फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर. बाकीच्या दिवशी पाऊलचाल, दुडकी, हलका कँटर. कामाच्या दुसऱ्या दिवशी तर बहुतेक नुसतं चालवतात.

आणि हे सगळं पहाटे, राखलेल्या वाळूच्या ट्रॅकवर होतं. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, दिवसातून कितीदा तरी पायांवरून हात फिरवतो. तुमचा मुरमाचा रस्ता कितीही चांगला असला तरी तो ट्रॅक नाही, एवढं लक्षात ठेवा.

वाड्यावरचा:

सासऱ्यांचं म्हणणं एकदम मोडीत काढू नका. आमच्या आजोबांकडे भीमथडी तट्टू होतं. ते म्हातारपणापर्यंत पळायचं आणि पायाला कधी काही झालं नाही.

पण ते तट्टू थानावर उभं नसायचं. आठवडी बाजार, शेत, पाहुणे, सगळीकडे तेच. धनगरांची घोडी आजही बघा, वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन महिनोन्महिने चालतात. दिवसभर चालणाऱ्या जनावराने मध्येच माळावर एक धाव घेतली तर त्याला काही होत नाही. पाच दिवस थानावर उभ्या असलेल्या घोडीने तीच धाव घेतली तर ती वेगळी गोष्ट झाली. जुनी माणसं रोज पळवायचं म्हणतात तेव्हा रोजचं चालणं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, ते वेगळं सांगत नाहीत.

पशुवैद्य_सातारा:

वाड्यावरच्यांनी नेमकं सांगितलं. त्यामागचं कारण मांडतो, म्हणजे तुमचा तुम्हाला हिशेब लावता येईल.

घोड्याचा दम लवकर तयार होतो, पाय उशिरा. नियमित कामाने काही आठवड्यांत हृदय आणि फुप्फुसं सुधारतात. स्नायूंना दोन-तीन महिने लागतात. नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागची नस, म्हणजे कंडरा, त्याहून सावकाश तयार होते. हाडं आणि खूर यांना सहा महिने ते वर्ष. म्हणजे मधला एक काळ असा येतो की घोडी दमत नाही, अजून मागते, तुम्हाला वाटतं ती तयार झाली, आणि पाय मात्र तयार नसतात. पुष्कळ घोडी याच काळात लंगडतात.

भरधाव वेगात पुढच्या एकेका पायावर क्षणभर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. तुमच्या घोडीचा हिशेब करा, साडेआठशे किलोच्या वर जातो, त्यात तुमचं आणि खोगिराचं वजन वेगळं. प्रत्येक टापेला नस रबरासारखी ताणली जाते आणि आतून तापते. पळत्या घोड्याच्या नसेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. त्या नसेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती थंडही हळू होते आणि दुखावली तर भरूनही हळू येते. फाटलेली नस बरी व्हायला नऊ महिने ते वर्ष सहज जातं.

दुसरी गोष्ट इंधनाची. जोराच्या कामात स्नायूंमधली साठवलेली साखर खर्च होते. माणसात ती दिवसभरात बरीच भरून येते, घोड्यात ४८ ते ७२ तास लागतात. तुमच्या ओळखीच्यांचं ‘दर चौथ्या दिवशी’ इथून आलेलं आहे. इव्हेंटिंगची, म्हणजे माळरानावरून अडथळे ओलांडत धावण्याच्या स्पर्धेची, घोडी तयार करणारे तीन-चार दिवसांचं अंतर ठेवतात ते याचसाठी. पण ते वेळापत्रक स्पर्धेच्या घोड्याचं आहे, ज्याचा आधीचा पाया पक्का झालेला असतो. रपेटीच्या घोडीला ते बंधनकारक नाही.

कधीच न पळवणंही बरोबर नाही, हेही सांगतो. हाडाला अधूनमधून जोराचा धक्का मिळाला तरच ते घट्ट होतं. नुसतं थानावर राहिलेल्या घोड्याचं हाड हलकं पडतं. त्यासाठी मैलभर पळवायची गरज नाही, थोडं अंतरही पुरतं.

तेव्हा माझं मत असं. आधी आठ ते बारा आठवडे फक्त चाल, दुडकी आणि हलका कँटर. आठवड्यातून चार-पाच दिवस, हळूहळू वाढवत. ते झाल्यावर आठवड्यातून एकदा भरधाव, सुरुवातीला ३००-४०० मीटर, तेही पूर्ण ताकदीने नाही. मग दोन धावा, मध्ये चाल. तुमच्या कामासाठी याहून जास्त कधीच लागणार नाही. गडी सकाळी नेतोच आहे तर त्याला तास-पाऊण तास झपझप चालवायला सांगा. सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडेल.

वजनाची काळजी नको. माणूस आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असं साधारण धरतात. तुमचं त्यात बसतं.

धागाकर्ती:

मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं. त्यांच्या काळी घोडं रोज मैलोगणती चालायचं, हे त्यांनीही सांगितलं.

आणखी तीन गोष्टी विचारते. एक, पाटाच्या वळणाशी आलं की घोडी आपोआप ओढायला लागते, कारण तिथेच आम्ही तिला भरधाव सोडतो. दोन, आमच्याकडे ऑक्टोबरात ऊन फार असतं, पावसाळ्यात दमट. तीन, घोडीला काम नसतं त्या सुट्टीच्या दिवशी चंदी (दाण्याचा खुराक) तेवढीच द्यायची का? हरभरा रोजचा ठरलेला आहे, बाकी कडबा आणि लसूणघास.

सँडट्रॅक:

वळणाचं मी सांगतो. घोडं जागा लक्षात ठेवतं. आता काही आठवडे त्या वळणावरून फक्त पाऊलचालीने जायचं. तिथे थांबा, उतरा, तिला चरू द्या, परत चाला. भरधाव काढायची ती दरवेळी वेगळ्या ठिकाणी, आणि घराच्या दिशेने कधीच नाही. सुरू तुम्ही केलं पाहिजे आणि थांबवलंही तुम्हीच पाहिजे. कँटरमधून सांगितल्यावर दुडकीला येत नसेल तर त्या दिवशी पुढे जायचंच नाही. ओढायला लागली तर दोन्ही हातांनी लगाम खेचत बसू नका, तिला जोर लावायला आधारच मिळतो. मोठं वर्तुळ घ्या आणि लहान करत आणा. हेल्मेट न घालता बसू नका. दुसऱ्या घोड्याशी चढाओढ तर अजिबात नको.

पशुवैद्य_सातारा:

उन्हासाठी एक जुना ठोकताळा आहे. पारा फॅरनहाइटमध्ये घ्यायचा आणि त्यात हवेतल्या आर्द्रतेचा आकडा मिळवायचा. बेरीज १३० च्या आत असेल तर घोडं स्वतःला थंड ठेवतं. १५० च्या वर, विशेषतः बेरजेत आर्द्रतेचा वाटा निम्म्याहून जास्त असताना, घाम वाळत नाही, काम कमी करा. १८० ला भरधाव बंद. पावसाळ्यात सकाळी ७७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता सहज असते, म्हणजे १६७. हवा गार वाटते म्हणून फसायला होतं. त्यात काळ्या मातीचा निसरडा पट्टा लागला तर वेगळाच धोका. पावसाळाभर चाल-दुडकीवर राहिलात तरी काही बिघडत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये भेगाळलेली कडक जमीनही टाळा.

काम झाल्यावर अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि चालवा. तापलेल्या घोड्याला गार पाणी लावू नये, पाजू नये, असं अजूनही पुष्कळ जण मानतात. त्यात तथ्य नाही, पिऊ द्या. घामातून मीठ फार जातं, म्हणून थानावर मिठाचा खडा ठेवा. पळूनही घामच येत नसेल आणि धाप थांबत नसेल तर लगेच दाखवा. दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं.

चंदीबद्दल: सुट्टीच्या दिवशी हरभरा निम्मा करा, चारा भरपूर ठेवा. आराम आणि पूर्ण खुराक, आणि दुसऱ्या दिवशी एकदम जोराचं काम, यातून मागचे स्नायू आखडतात. घोडी ताठते, घाम फुटतो, पुढे पाऊल टाकत नाही, लघवी कॉफीसारखी होते. असं दिसलं तर तिला चालवू नका, जागेवर उभी करा आणि डॉक्टरांना बोलवा. चंदी खाऊन लगेच पळवायची नाही. मात्र पोट अगदी रिकामंही नको, थोडा चारा पोटात असला की आतलं आम्ल वर उसळत नाही.

जास्त होतंय हे नाडीवरून कळतं. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की लागते. थानावर मिनिटाला २८ ते ४४ असते, पूर्ण वेगात २२० च्या वर जाते. थांबून चालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ६४ च्या खाली आली पाहिजे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तपासणीला हाच आकडा धरतात. येत नसेल तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गड्याने बाहेर काढण्याआधी, चारही नळ्यांवरून हात फिरवा. एका पायाची नस दुसऱ्यापेक्षा गरम किंवा जाड लागली तर घोडी लंगडत नसली तरी काम बंद. नाकातून रक्त दिसलं तर काम थांबवून दाखवून घ्या.

धागाकर्ती:

सगळं वहीत उतरवून घेतलं. गड्याला उद्यापासून तासभर चालवायला सांगते. भरधाव आता थंडी नीट पडल्यावरच. नाडी बघायला आज शिकले, थानावर ३८ लागली.

फलटण-बारामती भागात ट्रॅक्टरची वर्दळ नसलेला, फार कडक नसलेला लांब पट्टा कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. आणि दर सहा आठवड्यांनी घरी येईल असा चांगला नालबंदही हवा आहे.